वजा न केलेलं आकाश

...नखानं खरवडून जात नाही म्हणजे हा संगणकाच्या पडद्यावरचा डाग नव्हे. तिनं बाहीचं टोक जिभेला लावलं, त्या जागेवरून दोनदा फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं — आहेच. ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात मोठ्या उंचवट्याच्या डाव्या अंगाला टेकलेला हा इवलासा उंचवटा, घरी पाहुणे आले की थोरल्या भावाच्या मागे लपून बघणाऱ्या पोरीसारखा. डाग असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग आपल्याला असं का वाटावं याचंच तिला नवल वाटलं. कारण हा उंचवटा खरा असेल तर ती जिंकली होती. निम्मं आयुष्य चाललेलं भांडण जिंकली होती, आणि तेही दादाच्याच तोंडून. दादानं कबूल केलं होतं. दादानं! खिडकीबाहेर माळी गवत कापायचं यंत्र ढकलत होता आणि त्याच्या घरघरीनं टेबलावरचा चहाचा कप बशीत किणकिणत होता.

लेख काल आला होता. नियतकालिकाच्या संपादकाकडून, 'तपासून द्याल का?' अशी नेहमीची विचारणा करत. या धंद्यात कोणाचाही लेख छापण्याआधी एकदोन जाणकारांकडे गुपचूप पाठवतात. लेखक कोण हे जाणकाराला कळतं, जाणकार कोण हे लेखकाला कळत नाही. तिनं शीर्षकात आपल्या ताऱ्याचं नाव पाहिलं — तारा कोणाच्या बापाचा नसतो, पण इतकी वर्षं एकाच्याच मागे लागलेल्या माणसाला तो आपला वाटतो, त्याला इलाज नाही — आणि हावरटासारखं 'हो' कळवून टाकलं. लेखकाचं नाव त्याच्या खालच्या ओळीत होतं. माहेरचं आडनाव. ते तिनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. संपादक बिचारा नव्या पिढीतला, कुठल्यातरी लांबच्या शहरात बसलेला. लग्नानंतरच्या आडनावानं लिहिणारी ही बाई लेखकाची सख्खी धाकटी बहीण आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यानं पाठवलेल्या पानावर पहिलाच प्रश्न होता: लेखकाशी आपला काही संबंध आहे का? हो किंवा नाही. कालपासून ती दोन्ही चौकोन रिकामे ठेवून बसली होती, आणि आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं.

संबंध. आता काय सांगायचं कपाळ! वहिनीचा फोन येतो, वहिनी विचारते बरी आहेस ना, मी म्हणते बरी आहे, तिकडे कसं काय, वहिनी म्हणते हे बरे आहेत. हे बरे आहेत, ही बरी आहे — झालं. एकाच आईच्या पोटची दोन माणसं, एकाच ताऱ्यावर पोट भरणारी, आणि एकमेकांची ख्यालीखुशाली तिसऱ्याच्या तोंडून घेणारी. हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

तारा तसा सांगायला सोपा आणि समजायला महाकठीण. सूर्याहून कितीतरी पटींनी जड, इतका तापलेला की निळा दिसतो. आणि अशा धगधगत्या भट्टीभोवती धुळीची तबकडी. धूळ म्हणजे काजळी, बारीक वाळू, तसलंच काहीतरी. भट्टीच्या तोंडाशी काजळीचे कण टिकतात कसे, जळून विरून का जात नाहीत, हे कोडं. दादा म्हणायचा, तारा एकटाच आहे. गरागरा फिरताना अंगचं द्रव्य कमरेतून बाहेर फेकतो, ते लांब जाऊन निवतं, त्याची धूळ होते. ती म्हणायची, एकट्याच्यानं हे व्हायचं नाही; आत दुसरा एक आहे, त्या धुळीआड झाकलेला, आणि दोघांच्या ओढाताणीतून ही तबकडी तयार झालीय. एक की दोन. एवढंच भांडण. पण ते जेवताना चालायचं, दुर्बिणीच्या घुमटात चालायचं, बसथांब्यावर चालायचं, आणि एकदा तर तिच्या लग्नाच्या दिवशी, फोटोवाला 'जरा हसा' म्हणत असताना दादा तिच्या कानाशी पुटपुटला होता, 'दोन असते तर ग्रहण नको का दिसायला?' त्या फोटोत ती दात-ओठ खात हसते आहे.

आणि आता हे वाक्य. लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिनं ते कालपासून इतक्यांदा वाचलं होतं की न बघता म्हणता आलं असतं: या ताऱ्याला जोडीदार असावा असं फार पूर्वी सुचवलं गेलं होतं, प्रस्तुत लेखकानं तेव्हा त्याला विरोध केला होता, ते सुचवणं बरोबर होतं हे इथे नोंदवताना लेखकाला आनंद होतो. आनंद होतो! हा माणूस पत्त्यांत हरला की पत्ते मोजायला लावायचा. आनंद होतो म्हणे. कालची संध्याकाळ ती घरात हवेत चालल्यासारखी चालत होती, नवऱ्यानं दोनदा विचारलं काय झालंय, तर म्हणाली काही नाही, आणि भाजी चिरता चिरता गुणगुणायला लागली. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं, पहिली नोकरी लागली तेव्हाही नाही, हे आता बसून कबूल करायला काय हरकत आहे?

मग आज सकाळी ती लेख नीट तपासायला बसली. नीट म्हणजे आकड्यांसकट. लहान उंचवटा हा जोडीदाराभोवतीचा वायू, असं दादाचं म्हणणं. तो मोठ्या उंचवट्याच्या आगेमागे सरकतो, डोलतो, म्हणजे जोडीदार ताऱ्याभोवती फेऱ्या घालतो. आणि एका फेरीला लागणारा काळ — वर्षाला किंचित जास्त.

वर्ष.

या धंद्यातल्या कोणाही माणसाच्या कानावर 'वर्ष' पडलं की त्याची मान आपोआप वर होते. कारण वर्ष हे ताऱ्यांचं नसतं, आपलं असतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, सहा महिने आपण ताऱ्याच्या दिशेनं जात असतो, सहा महिने उलट. त्या मानानं ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेघा इकडून तिकडे डोलताना दिसतात. ते डोलणं आपलं म्हणून हिशेबानं काढून टाकायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण आपल्या हवेचं काय? अशा ताऱ्यांच्या प्रकाशात प्राणवायूची एक तांबडी रेघ असते — निषिद्ध रेषा म्हणतात तिला, नाव ऐकलं की वर्गातली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसतात — ती दाट वायूत उमटतच नाही, अगदी विरळ, निवांत जागीच उमटते. तबकडीच्या कडेला तशी जागा असते. आणि आपल्या डोक्यावर, हवेच्या पार वरच्या थरातही असते. तिथला प्राणवायू त्याच तांबड्या रंगात मंद उजळत असतो, डोळ्यांना दिसू नये इतका मंद. दुर्बीण ताऱ्याकडे लावली की ताऱ्याची रेघ आणि आपल्याच हवेची रेघ आलेखात दोन उंचवटे होऊन शेजारी शेजारी येऊन बसतात. म्हणून ताऱ्यालगतचं रिकामं आकाश वेगळं मोजायचं आणि ते वजा करायचं. ते राहून गेलं, आणि वर पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब सगळ्यालाच सरसकट लावला, तर जी रेघ जागची हललेलीच नाही ती बिचारी डोलायला लागते. वर्षाला एक हेलकावा.

नाही, नाही. दादा आणि हे? शक्यच नाही. दादानंच तर आकाश वजा कसं करायचं यावर ते पुस्तक लिहिलंय, जे आजही प्रत्येक दुर्बिणीच्या खोलीत दोऱ्यानं बांधून ठेवलेलं असतं, कोणी पळवू नये म्हणून.

तिनं लेखातलं चित्र कागदावर छापून घेतलं. एकाखाली एक रचलेल्या वळणावळणाच्या रेषा, प्रत्येक रेषा एकेका तारखेची. कात्री सापडेना. ती ऑफिसच्या कपाटात मिळाली, एका पात्याला जुना डिंक चिकटलेली. तिनं प्रत्येक रेषेची एकेक पट्टी कापली आणि टेबलावरचे सगळे कागद बाजूला सारून पट्ट्या एकाखाली एक मांडल्या. ही दादाचीच पद्धत. संगणक हाताशी असतानाही तो म्हणायचा, आधी कागद सरकवून बघ, बोटांना कळलं की डोक्याला कळतं.

'काय हो, आज हस्तकलेचा तास वाटतं?' शेजारच्या खोलीतला धूमकेतूवाला दारात उभा होता, हातात बिस्किटांचा पुडा. 'नातवासाठी पतंग करताय की काय?'

'नातू नाही मला. आणि तुम्हाला काम नाही.'

'धूमकेतू परत यायला अजून वेळ आहे,' तो म्हणाला, पुडा पुढे केला, आणि ती घेत नाही हे बघून गेला.

मग तिनं एकेक पट्टी सरकवली. त्या त्या तारखेला पृथ्वीची जी चाल असेल तेवढी, उलट दिशेनं — म्हणजे हिशेब उसवायचा, दुर्बिणीनं जसं पाहिलं तसं परत आणायचं. पहिली पट्टी. दुसरी. मोठे उंचवटे इकडेतिकडे जायला लागले, रांग मोडली, कोणी पुढे कोणी मागे. आणि लहान उंचवटे... पाचव्या पट्टीला तिचा हात थांबला. शेवटच्या पट्टीपर्यंत जायची गरज नव्हती, तरी ती गेली. सगळे लहान उंचवटे एकाखाली एक, ओळंबा सोडावा तसे सरळ. एकही केसभर हलला नव्हता. तो जोडीदार नव्हता, वायू नव्हता, त्या ताऱ्याच्या आसपासचं काहीच नव्हतं. ती आपली हवा होती. या खिडकीतून आत येत होती तीच.

अरे देवा. दादा, हे रे काय केलंस तू.

...त्या काळी दुपारी चारच्या सुमारास दादाबरोबर घुमटात जायचं, उजेड असताना, कारण तयारी उजेडात करायची. ती तेव्हा त्याची विद्यार्थिनीही नव्हती, नुसती सुट्टीत आलेली धाकटी बहीण, हौशी. कॅमेरा थंड ठेवायला त्यात बर्फाहून गार द्रव ओतायचा. दादा जाड हातमोजे घालून ओतायचा आणि नळीच्या तोंडून पांढरी वाफ जमिनीवर उतरून तिच्या चपलांवरून वाहायची, तिला वाटायचं आपण ढगात उभे आहोत. दादा म्हणायचा, 'पाय मागे घे, बोटं गळून पडतील, मग आईला मी काय सांगू?' मग पहाटे, घुमटाची फट बंद करताना त्या करकर आवाजात त्याचा ठरलेला प्रश्न, ओरडून: 'ठकू, वजाबाकी केलीस का?' ठकू हे तिचं घरातलं नाव, लाकडाच्या बाहुलीसारखी ठेंगणी म्हणून. आमचं शास्त्र म्हणजे नव्वद टक्के वजाबाकी आहे बघ, तो उतारावरून खाली जाताना सांगायचा, कॅमेऱ्याची स्वतःची गरमी वजा कर, काचेवरची धूळ वजा कर, आकाश वजा कर, उरेल तो तारा. ती झोपाळलेली असायची, त्याच्या कोटाची बाही धरून चालायची, आणि खाली खानावळीत पोचल्यावर तो तिच्या चहात स्वतःच्या वाटची साखर घालायचा. हे सगळं कुठे गेलं? म्हणजे माणसं आहेत, दुर्बीण आहे, उतार आहे... तरी कुठे गेलं?

लहानपणी तिचा डावा डोळा तिरळा होता. तिला एकाचे दोन दिसायचे आणि सगळ्यांनाच तसं दिसतं अशी तिची समजूत होती. ते पहिल्यांदा दादाच्या लक्षात आलं. त्यानं एक बोट धरलं, 'किती?' ती म्हणाली दोन. त्यानं ते घरात कोणाला सांगितलं नाही, स्वतःच तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा तो असेल जेमतेम सातवीत. डॉक्टरनं तिच्या चांगल्या डोळ्यावर काळी पट्टी बांधायला दिली. शाळेत मुलं चिडवतील म्हणून ती रडायला लागली, तर दुसऱ्या दिवशी दादानं छत्रीचं काळं कापड कापून स्वतःच्या डोळ्यालाही पट्टी बांधली आणि दोघं शाळेत निघाली. कोपऱ्यावरच्या गटारात तो सपशेल पडला, कारण त्याला सवय नव्हती. छत्रीसाठी मार खाल्ला तो वेगळाच.

म्हणूनच तर त्या सभागृहातली गोष्ट इतकी लागली. ती व्यासपीठावर, दादा अध्यक्षाच्या खुर्चीत, आणि समोर जगभरची माणसं. तिनं आपलं म्हणणं मांडलं, जोडीदार असलाच पाहिजे म्हणाली, चांगलं मांडलं, टाळ्याही झाल्या. आणि मग दादा समोरचा माईक ओढून हसत म्हणाला, 'काय आहे, आमच्या बहिणीला लहानपणापासून एकाचे दोन दिसतात.' हास्याचा स्फोट झाला. तीही हसली, काय करणार. दादानं थट्टाच केली होती, त्याच्या डोळ्यांत लबाड माया होती हे तिला दिसलं होतं, ते न दिसण्याइतकी ती आंधळी नव्हती; पण ती पट्टी आमच्या दोघांची होती रे, ती काढून तू सगळ्या जगाला दाखवलीस. त्या दिवशी ती त्याच्या टेबलावर जेवायला बसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलावलं नाही. मग घरी गेल्यावर फोन करू असं झालं, मग दिवाणखान्याला रंग द्यायचा होता, मग तिची परीक्षांची कामं निघाली... अबोला काही कोणी धरत नाही, तो धूळ बसते तसा बसत जातो, आणि एक दिवस बोट फिरवावं तर केवढा थर.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहिला. तीन रस्ते होते आणि तिन्ही वाईट. एक, गप्प बसायचं, 'संबंध नाही' म्हणून लेख चांगला आहे असं कळवायचं. लेख छापून येईल, ते वाक्य छापून येईल, तिचं नाव कायमचं बरोबर ठरेल — आणि महिन्या-दोन महिन्यांत कुठल्यातरी चुणचुणीत पोराला वर्ष हा शब्द खटकेल, तो पट्ट्या सरकवील, आणि सभागृहांतून दादाच्या नावानं हशा पिकेल. आकाश वजा करायला जगाला शिकवणारा माणूस म्हातारपणी आपलीच हवा ताऱ्याभोवती फिरवून आला! तो हशा तिला आत्ताच ऐकू येत होता, कारण असल्या हशाचा आवाज तिच्या ओळखीचा होता. दुसरा, जाणकार म्हणून निनावी, सभ्य भाषेत चूक दाखवायची; पण नातेवाईकाचा लेख तपासणं हीच लबाडी, आणि शिवाय दादा दोन ओळींत ओळखील कोण बोलतंय ते. तिसरा, लेख परत करायचा आणि त्याला स्वतः सांगायचं. म्हणजे त्याच्या हातून शेवटचा लेख काढून घ्यायचा. आणि माझ्या हातून ते वाक्य.

नको ना. ते वाक्य तेवढं नको ना काढायला लावू.

वहिनीचा फोन तेवढ्यात आला, ती काही देवानं पाठवल्यासारखी नव्हे, तिला लोकरीच्या विणकामातला एक टाका विचारायचा होता. तो विचारून झाल्यावर म्हणाली, 'अगं ठकू, ह्यांचं काहीतरी चाललंय बाई. वर्षभर नुसतं कोंडून घेतल्यासारखं. निवृत्त झालेला माणूस, म्हटलं बागेत बसा, तर नाही.'

'काय करतो?'

'मला काय कळतंय? पण परवा जेवताना एकदम हसले. म्हणाले, ठकू बरोबर होती. मी म्हटलं कशात? तर म्हणाले, आहे काहीतरी, आणि तिला सांगू नकोस, छापून आल्यावर कळू दे. सांगितलं बघ मी. माझ्या पोटात काही राहत नाही.'

'वहिनी...'

'काय गं?'

'काही नाही. तो जेवतो ना नीट?'

'जेवतात. हल्ली दोन घास जास्तच जातात. खूश आहेत गं. किती दिवसांनी इतके खूश बघितले.'

तिनं फोन ठेवला. खूश आहे. आता हा आनंद मी जाऊन हिसकावून घेऊ? चुकला कसा पण, हेच तिला उलगडत नव्हतं. हात कापतो म्हणून माणूस चहा सांडतो, पण दादानं आकाश विसरावं? तिनं लेख पुन्हा हातात घेतला, या वेळी तळटीपांसकट, बारीक अक्षरांसकट, चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ नेऊन. आणि ते तिथे होतं. विसरला नव्हता. मुद्दाम वगळलं होतं. ताऱ्यालगतच्या आकाशातही जोडीदाराचा अंधूक वायू पसरलेला असण्याचा संभव असल्यानं ते वजा केल्यास जोडीदाराचाच प्रकाश पुसला जाईल. म्हणून इथे आकाश वजा केलेलं नाही.

हे बोलणं तिचं होतं. शब्दन् शब्द तिचं. त्या उतारावर, बाही धरून चालण्याचे दिवस सरल्यावर, स्वतःचा प्रबंध लिहीत असताना ती त्याच्याशी तावातावानं भांडली होती — तू वजा करतोस तेच मला हवंय, दादा, तुझ्या वजाबाकीत माझा दुसरा तारा जातो! आणि तो म्हणाला होता, आधी आकाश, मग तारा, मग तुझे लाड. तिच्या प्रबंधातला तो मुद्दा तिनंच पुढे सोडून दिला होता, कारण तो टिकत नाही हे तिला कळलं होतं. नुसतं वजा न करून भागत नाही, हवेची रेघ दुसऱ्या कशानंतरी ओळखून काढावीच लागते. दादाला हे माहीत नव्हतं का? माहीत असणारच. पण त्यानं वर्षभर कोंडून घेऊन तिचा जुना मुद्दा धुंडाळून काढला होता, आणि दुसरा तारा सापडेपर्यंत तो मुद्दा सोडला नव्हता. त्याला दोन हवे होते. आयुष्यात पहिल्यांदा दादानं माझं ऐकलं, आणि तिथेच चुकला.

तिला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, नाक गळेपर्यंत; तिनं दार लावून घेतलं आणि पट्ट्या भिजू नयेत म्हणून बाजूला सरकली. मग तिला तिचंच हसू आलं.

घरी आली तेव्हा ऊन अजून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतं. नवरा दवाखान्यातून लवकर आला होता — दातांचा डॉक्टर, त्याच्या बोटांना कायम लवंगेच्या तेलाचा वास — आणि चहाचं भांडं घासत होता. तिनं सगळं सांगितलं. एका दमात, मध्ये मध्ये 'तुला नाही कळणार' असं म्हणत, आणि मग दादानंही वहिनीला 'आहे काहीतरी' म्हणून असंच उडवून लावलं होतं ते आठवून ती ओशाळली.

'कळलं की,' तो म्हणाला. 'दाढ किडलीय. त्याला दुखत नाहीये अजून, मजेत खातोय. तुला दिसलीय.'

'मग?'

'मग काय? सांगायची. उपटायची की भरायची ते तो बघेल.'

'तुझं काय जातंय. तुझ्या पेशंटांनी तुला चिठ्ठी लिहिलेली नसते, की तुम्ही बरोबर होतात, मला आनंद होतो म्हणून.'

'ते खरं,' तो म्हणाला. भांडं पालथं घातलं. 'मग तुझा तारा एकटाच का अखेर?'

ती उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली. कारण — हे तिच्या डोक्यात दिवसभर आलंच नव्हतं — लहान उंचवटा खोटा ठरला म्हणून तारा एकटा ठरत नव्हता. आकाश वजा केल्यावर उरतो तो मोठा उंचवटा, आणि तो कोणाच्याच बाजूनं काही बोलत नाही. एक की दोन, कोणालाच माहीत नव्हतं. अगदी पहिल्या दिवशी होतं तितकंच. 'माहीत नाही,' ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच तरतरीत वाटला, 'अजिबात माहीत नाही!'

संपादकाचं पान तिनं जेवणाच्या टेबलावरच उघडलं. 'हो' च्या चौकोनात खूण केली. खाली कारण लिहायला जागा होती. लेखक माझे सख्खे थोरले बंधू आहेत, म्हणून मला हा लेख तपासता येणार नाही. एवढं वाक्य, सरकारी वाटावं असं कोरडं. पण ते लिहिताना 'सख्खे' पाशी तिचं बोट अडखळलं, कितीतरी वर्षांत तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. पाठवून टाकलं. आता जाणकार म्हणून तिची काही जबाबदारी उरली नव्हती. आता ती नुसती बहीण होती, आणि बहिणीला निनावी राहायची सोय नसते.

फोन घेऊन ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. तोंडपाठ केलेली वाक्यं होती: दादा, तुझा लेख माझ्या पाहण्यात आला, दादा, फार छान काम आहे, फक्त एक शंका... शी! हे काय बोलणं झालं? असं परक्याशी बोलतात. नंबर लावला आणि ती सगळी वाक्यं जिन्यावरून घरंगळत खाली गेल्यासारखी गेली. उरलं ते फक्त, अरे गाढवा, तुझं आकाश कुठंय? पलीकडे घंटी वाजायला लागली. एकदा. पुन्हा. तो फोनकडे बघत असेल, नाव बघत असेल, चष्मा शोधत असेल. आणि त्या वाजण्यात तिला कळलं की दिवसभर आपण भलत्याच गोष्टीला घाबरत होतो. त्याला वाईट वाटेल, तो चिडेल, फोन आपटेल, हे काहीच नव्हतं. चिडलेल्या दादाला ती आजवर पुरून उरली होती, तिला तो हवाच होता. भीती ही होती की तो चिडणार नाही. तो क्षणभर थांबेल आणि मऊ, दमलेल्या आवाजात म्हणेल, हो गं, चुकलंच माझं, बरं झालं सांगितलंस — आणि मग तो खरंच म्हातारा झालेला असेल, आणि या जगात माझ्याशी भांडणारं कोणी उरलेलं नसेल.

घंटी थांबली. फोन उचलला गेला होता. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. नको ऐकूस रे दादा. खोडून काढ मला. पट्ट्या चुकीच्या कापल्यास म्हण, तारखा बघ म्हण, वीस मुद्दे काढ. तिनं फोन कानाशी घट्ट धरला, बोलायला श्वास घेतला, आणि ज्या गोष्टीची तिला दिवसभर तिळभरही शंका नव्हती तिच्याबद्दल मनापासून वाटून गेलं, की या एका वेळी तरी मीच चुकलेली असू दे.